कड्यावरचं घरटं

डोंगरातल्या काराकोल गावी, कॅमेऱ्याच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे चाकांच्या खुर्चीतला म्हातारा होता, सोबत लेक.

दुकानदार म्हणाला, "ही लेन्स घ्या, आजोबा. कड्यावरचं घरटं अंगणातून दिसेल. पण चार किलोची आहे."

"सहा किलोची गरुडीण मुठीवर घेऊन घोडा दौडवलाय मी."

"बाबा, आता चहाची वाटी तरी धरवते का?"

"मग खुर्चीला अडकवायचा दांडा दे, बाळा."

"फोटो त्याच गरुडिणीचा काढायचाय?"

"तिच्या पिल्लाचा. शिकारीसाठी पाळलेली गरुडीण दहा वर्षांनी सोडायची, तिचा संसार व्हावा म्हणून. आमची रीतच आहे. मी वीस वर्षं ठेवली. तिला सोडवेना."

"आणि इतक्या उशिरा सोडल्यावर घरटं रिकामं निघालं तर, बाबा?"

"तर खुर्चीचं तोंड फिरवून ठेव, पोरी. मला स्वतःला वळता येत नाही."