दहा सेकंदांचा व्हिडिओ

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. लेकीच्या गुडघ्याला पट्टी होती.

"बाबा, पट्टीचा फोटो तुम्ही टाकलात?"

"अगं, केवढ्या शुभेच्छा आल्यात! नऊशे लाइक झालेत."

"परवा व्हॉलीबॉलच्या संघाची निवड आहे. सरांनी बजावलं होतं, गुडघ्याचं कुणाला कळता कामा नये."

"मग काढून टाकतो."

"निवड समितीतल्या मॅडमनीच फोटोखाली विचारलंय, 'खेळणार ना?' आता काढलात तर आणखी बोभाटा होईल."

"मग किरकोळ आहे म्हणून लिहू?"

"नुसत्या लिहिण्यावर कोण विश्वास ठेवणार? उडी मारतानाचा व्हिडिओच टाकावा लागेल."

"डोकं फिरलंय का तुझं? डॉक्टर पाय टेकवू नको म्हणालेत!"

"दहा सेकंदांचा तर प्रश्न आहे."

"माझं चुकलं गं पोरी. पण हे असलं काही नको."

"पुढचा पेशंट!" आतून हाक आली.

ती पट्टी सोडायला लागली.

"त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगा. आणि मोबाइल नीट धरा, बाबा. दुसऱ्यांदा उडी जमणार नाही."