काठावरच्या खुर्च्या

गोदावरीत होड्या सुरू होणार ही बातमी आली, तेव्हा मी डाळ निवडत बसलो होतो. होड्या आणणाऱ्या चुलतभावाचाच, दत्ताचा फोन. "दादा, जल्दी ये. काठ वळखू येणार न्हाई!" माझ्या बायकोचा दहावा त्याच काठावर झाला होता. तरी गेलो.

खरंच ओळखू आला नाही. फोटोत पाणी दिसावं म्हणून पठ्ठ्यानं काठाची माती धरून ठेवणाऱ्या सगळ्या बाभळी उपटून ऐन काठावर खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या खुर्चीत त्याची आई, आमची काकू, चहा पीत होती. तिच्या मागे जमिनीला लांब भेग पडलेली दिसली.

"काकू, इकडं ये. हळू."

"आरं, चहा तर पिऊ दे."

"दत्ता, भेग बघ!"

"भिऊन राह्यलास का दादा? बिलकुल पक्कं हाये."

मी काकूचा दंड धरून तिला ओढलं. भेग ओलांडली, तोच मागे धप्प आवाज झाला. खुर्ची काठासकट पाण्यात गेली होती.

"माझा चहा बी गेला रे," काकू पाण्याकडे बघत म्हणाली. कोणी हसलं नाही.

दत्तानं माझा हात घट्ट धरला. "होड्या चालू दे, दादा. पण खुर्च्या मागं घेतो, बाभळी परत लावतो."

रविवारी होड्या सुरू झाल्या. लोक काठावर उभे राहून फोटो काढतात. बाभळी अजून लावलेल्या नाहीत.