बोळ्याचे दात

बायको: ...नाही हो, नाही जात आत. बघा, सगळं हनुवटीवरून खाली ओघळतंय. बोळ्या, गिळ रे राजा. एवढं एक गिळ.

दंतवैद्य: सिरिंज समोरून घालू नकोस. बाजूनं, गालाच्या फटीतून. समोरून घातलीस तर सशाच्या श्वासनलिकेत जाईल.

बायको: बाजूनंच घालतेय. पण जागा कुठाय? खालचे दात हत्तीच्या सुळ्यांसारखे बाहेर आलेत आणि वरचे आत वळलेत. तुम्ही जवळ येऊन बघा ना! दारात उभं राहून काय सूचना देताय, परीक्षेवर देखरेख केल्यासारख्या?

दंतवैद्य: दिसतंय मला इथून.

बायको: काय दिसतंय?

दंतवैद्य: वरचे दोन्ही टाळ्याला टेकलेत. तोंड मिटलं की रुततात, म्हणून मिटत नाही. मिटत नाही म्हणून लाळ गळते. भूक आहे त्याला. खाताना दुखतं.

बायको: एवढं सगळं कळतंय, तर मग...

दंतवैद्य: प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन लागला का?

बायको: लागला. ती नदीपलीकडे अडकलीय. पुलावरून पाणी वाहतंय, सकाळपर्यंत सोडणार नाहीत कुणाला. मग चौकातल्याकडे गेले. तो म्हणाला, मी कुत्री-मांजरं बघतो, सशाला हात लावत नाही. त्याच्या पुढचा तर म्हणाला, आजी, एवढ्याशा जिवाचं काय घेऊन बसलात! म्हटलं, एवढासा आहे म्हणूनच घेऊन बसलेय.

दंतवैद्य: थांबू मग सकाळपर्यंत.

बायको: थांबू? कालपासून पोटात कण नाही त्याच्या. ती म्हणाली, सशाचं पोट सतत चालू लागतं, एकदा बंद पडलं की पुन्हा चालू करणं मुश्कील. हा रात्र नाही काढायचा. कान बघा हात लावून, गार पडलेत.

दंतवैद्य: गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून...

बायको: ठेवलीय. बदललीसुद्धा. अहो, खाली दवाखाना आहे आपला. दात घासायची मोटर आहे, दिवा आहे.

दंतवैद्य: नाही.

बायको: मी अजून काही म्हटलंच नाहीये.

दंतवैद्य: सकाळपासून तेच म्हणतेयस, तोंड न उघडता. नाही म्हणजे नाही.

बायको: दात ते दात! जन्मभर दुसरं केलंत काय?

दंतवैद्य: माणसांचे दात. हलू नका म्हटलं की न हलणाऱ्या माणसांचे. आणि तेव्हा हे हात माझं ऐकायचे. आता बघ. बघ ना! कप उचलला की अर्धा चहा बशीत. कुणाला इजा व्हायच्या आत मी आपणहून दवाखाना बंद केला. म्हातारपणी तेवढी एक गोष्ट शहाणपणाची केली, ती नासवू नकोस.

बायको: म्हणजे तुमचं नाव राहावं म्हणून ह्यानं उपाशी मरायचं.

दंतवैद्य: असं बोलू नये.

बायको: मग कसं बोलू? वरच्या मजल्यावरची मंडळी घर सोडून गेली आणि ह्याला पिंजऱ्यासकट जिन्याखाली टाकून गेली, फुटकी बादली टाकावी तसं. मी उचलून आणला, तेव्हा म्हणालात, दोन दिवस ठेव, मग देऊन टाक कुणाला तरी. आणि आठवड्याभरात पलंगाखाली पालथं पडून हाका कोण मारत होतं? बोळ्या नाव कुणी ठेवलं?

दंतवैद्य: दात काढल्यावर पेशंटला चावून धरायला देतो ना कापसाचा बोळा, तसा दिसत होता. म्हणून म्हटलं आपलं.

बायको: त्यानं तुमच्या चपलेचा अंगठा कुरतडला तेव्हा तुम्ही मोठ्यानं हसलात. दवाखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद करून ऐकत उभी राहिले. मला काय नुसता ससा वाचवायचाय असं वाटतं तुम्हाला?

दंतवैद्य: चप्पल कुरतडली तेव्हाच तोंड उघडून बघायला हवं होतं मी. दात वाकडे लागत होते, अंगठ्यावर खुणा तिरक्या होत्या. बघितल्या आणि हसत बसलो... लाव त्या डॉक्टरीणबाईंना फोन.

(खाली, दवाखान्यात. फोन स्पीकरवर ठेवलेला आहे.)

पशुवैद्य: काका, आधीच सांगते. मी समोर असते तर तुम्हाला हात लावू दिला नसता. पण मी समोर नाहीये.

दंतवैद्य: माझे हात थरथरतात. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो.

पशुवैद्य: काकूंनी सांगितलंय मला. नेलकटरनं वगैरे तोडायचा प्रयत्न नाही ना केला कुणी?

बायको: छे! नेलकटर हातात घेतलं होतं मी, पण ह्यांनी ओरडून ठेवायला लावलं.

पशुवैद्य: वाचलात. दात उभा चिरला असता, अगदी मुळापर्यंत. मोटरनंच घासून कापायचा. भूल लागत नाही पुढच्या दातांना, पण घट्ट गुंडाळा. दातांच्या मागे लाकडी पट्टी घाला, जीभ कापायला नको. आणि फार खाली जाऊ नका, आत नस असते. गुलाबी झाक दिसली की थांबायचं.

दंतवैद्य: नस कुठे असते ते ठाऊक आहे मला.

बायको: अहो, ती मदत करतेय.

दंतवैद्य: हो, हो. दिवा जवळ ओढ. अजून जवळ. तोंड धर त्याचं. चालू करतो... बघ कसा वळवळतोय. धर ना नीट!

बायको: धरलाय!

दंतवैद्य: पट्टी सरकतेय... थांब... थांब, थांब!

बायको: रक्त! अहो, रक्त आलं!

पशुवैद्य: कुठून? काका? कुठून आलं?

दंतवैद्य: ओठ. ओठाला लागलं.

पशुवैद्य: खोल आहे का?

बायको: नाही, खरचटलंय. कापूस दाबलाय मी. थांबतंय... थांबलं बहुतेक.

दंतवैद्य: झालं तुझं समाधान? हेच नको होतं मला. नेमकं हेच.

बायको: कुठे निघालात?

दंतवैद्य: वर.

बायको: त्याला असा उघड्या तोंडानं टेबलावर टाकून? जा. खुशाल जा. पण मग वर त्याचं कण्हणं ऐकत बसायला मी येणार नाही. एकटे ऐका.

दंतवैद्य: अगं, मी काय करू? तूच सांग! हात कापून ठेवू का इथे?

बायको: ती मोटर द्या इकडे.

दंतवैद्य: तू?

बायको: मीच. तुमच्या बोटांत जोर राहिला नव्हता, तेव्हा कवळ्यांच्या कडा कुणी घासल्या? तुम्ही पेशंटशी गप्पा मारत बसायचात आणि मी पडद्याआड बसून घासायचे.

दंतवैद्य: कवळीतून रक्त येत नाही. कवळी मान हलवत नाही.

बायको: म्हणूनच म्हणतेय, तुम्ही धरा. घट्ट धरलं की तुमचे हात कमी हलतात. मला माहितीय. बाटलीचं झाकण फिरवताना बघते ना रोज.

पशुवैद्य: काकू, तुम्ही याआधी कुठल्या प्राण्याचे...

बायको: नाही गं. घाबरलेय मी. आता काही विचारू नकोस, नाहीतर हातातून सुटेल सगळं.

दंतवैद्य: ...चकती लावू नकोस. लांब बर लाव, तो बारीक टोकाचा घासायचा दांडा. दुसऱ्या खणात.

बायको: हा?

दंतवैद्य: त्याच्या शेजारचा. हां. कोपर टेबलाला टेकव. मीही टेकवतो. डोकं माझ्या दोन्ही तळव्यांत आहे, आता हे कुठे जात नाही.

बायको: थरथरतंय.

दंतवैद्य: हो.

बायको: कोण, तो की तुम्ही?

दंतवैद्य: दोघंही. वेगळं कळत नाहीये. तू बघू नकोस तिकडे, दाताकडे बघ. खालचा डावा. पट्टी मागे सरकव. जीभ आली का मागे?

बायको: आली.

दंतवैद्य: बर आडवा धर. दाबू नकोस, मोटरला काम करू दे. अस्सं... अस्सं... थांब. दात तापतो. ओला कापूस लाव. आता पुन्हा.

बायको: वास येतोय जळल्याचा.

दंतवैद्य: दाताचाच. आयुष्यभर घेतलायस तो वास. चालू ठेव.

बायको: पडला! तुकडा पडला!

पशुवैद्य: तोंडात की बाहेर?

बायको: बाहेर, टॉवेलवर. बाई गं, केवढा लांब होता हा! एवढा घेऊन कसा जगत होता?

दंतवैद्य: शेजारचा घे. हात गरम आहे तोवर.

बायको: घेते... घेते... पडला. खालचे झाले, पोरी!

पशुवैद्य: छान. वरचे जपून. ते आत वळलेत, ओठ पूर्ण वर करा आणि बाहेरच्या बाजूनं घासत जा.

दंतवैद्य: ओठ मी अंगठ्यानं वर धरतो. उजवा घे... जरा तिरका... बास, दाबू नकोस... पडू दे... गेला. छान घेतलास.

बायको: अहो.

दंतवैद्य: काय?

बायको: हा हलत नाहीये.

दंतवैद्य: मोटर बंद कर.

बायको: मान टाकली त्यानं. अहो, मान टाकली!

पशुवैद्य: टॉवेल सैल करा! आधी टॉवेल. छातीवर दाब आला असेल. नाकपुड्या हलताहेत का बघा.

दंतवैद्य: दिसत नाही... चष्म्यावर सगळा भुगा उडालाय...

बायको: मारलं आपण त्याला. माझ्या हातानं मारलं. सकाळपर्यंत थांबू म्हणत होतात तुम्ही, मीच ऐकलं नाही, मीच...

दंतवैद्य: गप्प बस! जरा गप्प. मला ऐकू... नाही, ऐकू नाही. बोटाला लागतंय काहीतरी. इथे, बरगडीखाली.

पशुवैद्य: ठोके?

दंतवैद्य: आहेत. मोजता यायचे नाहीत इतके जलद.

पशुवैद्य: जलदच असतात त्यांचे. घाबरून गळाठलाय तो. छातीशी धरा, डोळ्यांवर हात ठेवा, मोठ्यानं बोलू नका. काकू, रडू नका, तुमचा आवाज कळतो त्याला.

बायको: मी कुठे रडतेय?

दंतवैद्य: ये रे. ये इकडे. झालं, झालं. कुणी काही करत नाहीये आता. नाक हललं बघ. शर्टात तोंड खुपसतोय.

बायको: बास झालं. एक राहिला तर राहू दे.

दंतवैद्य: राहून चालणार नाही. एकटा दात दुप्पट रुतेल. तोंड तसंच उघडं राहील, आणि एवढं सोसून उपाशीच राहील तो.

बायको: माझ्याच्यानं नाही होणार. बघा माझे हात! आता तर तुमच्यापेक्षा जास्त हलताहेत.

दंतवैद्य: होईल. अगं, चौथा शेवटचा. माझ्या हातात आहे तो, मी सोडत नाही. बर उचल.

बायको: मेला तर?

दंतवैद्य: तर दोघांच्या हातून मेला. तुझ्या एकटीच्या नाही. उचल.

पशुवैद्य: काकू, त्याचा श्वास सावरला असेल तरच हं.

दंतवैद्य: सावरलाय. ओठ वर केलाय मी. ये.

बायको: देवा... पट्टी... हां... नका हो सांगू काही आता, दिसतंय मला... जरासा... जरासाच राहिला... सुटला. सुटला हो!

दंतवैद्य: बंद कर. ठेव खाली. ये, बस इथे. पेशंटच्या खुर्चीतच बस, काही होत नाही.

बायको: बसते.

पशुवैद्य: तोंड मिटतंय का त्याचं?

दंतवैद्य: मिटलं. पहिल्यांदाच बघतोय मी हे तोंड मिटलेलं. लहान मुलाचं दिसतं तसं दिसतंय.

पशुवैद्य: आता थोडं-थोडं भरवत राहा, पोट हलक्या हातानं चोळा. पण अजून वाचला असं समजू नका. पोट चालू झालं तर खरं. लेंड्या पडल्या की लगेच कळवा. आणि मागच्या दाढा मी आल्यावर बघेन. त्याही वाकड्या असतील, तर मात्र गोष्ट वेगळी आहे.

बायको: वेगळी म्हणजे?

पशुवैद्य: आत्ता नको, काकू. आत्ता भरवा.

बायको: ...घेतोय का?

दंतवैद्य: निम्मं बाहेर येतंय.

बायको: निम्मं आत जातंय म्हणा की.

दंतवैद्य: पोट अजून दगडासारखं आहे. तू वर जाऊन पड जरा.

बायको: तुम्ही पडा. मघापासून त्याला धरून बसला आहात.

दंतवैद्य: मी उठलो तर हा जागा होईल.

बायको: झोपलाय का?

दंतवैद्य: काय माहीत. डोळे उघडे आहेत. ससे तसेही झोपतात म्हणे.

बायको: दमला असेल. मीही... अहो, खरं सांगा. ओठाला लागलं तेव्हा माझा राग आला होता ना?

दंतवैद्य: आला होता. मग तू मोटर घेतलीस तेव्हा भीती वाटली. मग काही वाटायला सवड मिळाली नाही.

बायको: तुमच्या शर्टावर काय आहे ते? काळं?

दंतवैद्य: कुठे?

बायको: खिशापाशी. थांबा, हलू नका... लेंडी आहे ही. अहो, लेंडी! आणि ही दुसरी! फोन कुठाय? हॅलो, अगं पोरी, पडल्या! दोन! बारीक आहेत, पण पडल्या!

पशुवैद्य: दोन? अरे वा! काकू, पोट चालू झालं! आता कोवळं गवत, कोथिंबिरीची पानं, बारीक चिरून पुढे ठेवा. पूल उघडला की मी थेट तिकडेच येते.

बायको: दातांचं काय आता? राहतील ना असे?

पशुवैद्य: नाही ना. सशाचे दात वाढतच राहतात, आणि ह्याची ठेवण मुळातच वाकडी. काही आठवड्यांत पुन्हा तिथेच येतील. मोठा झाला, वजन धरलं, की पुढचे काढून टाकायचा विचार करू. तोवर दर वेळी हे करावं लागेल. मी आहे, पण मी नेहमी पोचेनच असं नाही. ठेवते आता, भरवा त्याला.

बायको: ऐकलंत? दर वेळी म्हणाली. हे सगळं पुन्हा. हा टॉवेल, हे रक्त, हा जीव टांगणीला.

दंतवैद्य: ऐकलं.

बायको: माझी साठी कधीच उलटली आणि तुमचे हात हे असे. जमेल का हो आपल्याला?

दंतवैद्य: हळू बोल गं. खातोय तो.