ताईंनी पाणी बंद केलं तो दिवस

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या मुख्य रसायनतज्ज्ञ ताई, पहिल्या रांगेत संकोचून बसलेले त्यांचे यजमान आणि जलशुद्धीकरण केंद्रातील माझ्या सहकाऱ्यांनो,

मी पंपांचा इंजिनीयर. भाषण माझा प्रांत नाही, तेव्हा फक्त एका दिवसाबद्दल बोलतो.

त्या सकाळी नदीतून येणाऱ्या पाण्याचा ताईंना कसलासा वास आला. यंत्रांवरचे आकडे ठणठणीत होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून एकेकाला वास घ्यायला लावला. कुणाला आला, कुणाला नाही. मी म्हणालो, यंत्र काही दाखवत नाहीये.

त्या म्हणाल्या, "यंत्राला जे शोधायला सांगितलंय, तेवढंच ते शोधतं."

आणि त्यांनी शहराचं पाणी बंद केलं. आधी रुग्णालयाला विहिरीच्या पाण्याचे टँकर पाठवले, मग साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सुचवलं, दुरुस्तीचं काम निघालं असं जाहीर करू, उगाच घबराट नको. ताई म्हणाल्या, दुरुस्ती म्हटलं तर लोक घरात भरलेलं पाणी बिनधास्त पितील. त्यांनी स्वतःच निवेदन वाचलं: पाण्यात काय आहे ते आम्हाला माहीत नाही, कळेपर्यंत पिऊ नका.

लोक चिडले, हो! फाटकाशी गर्दी जमली. यजमानांचाही फोन आला, शेजारी जाब विचारतायत म्हणून. ताईंनी शांतपणे सांगितलं, "त्यांना म्हणावं, बायकोलाही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाणी स्वच्छ. तोवर वासही गेला होता. तो कशाचा होता, हे आजतागायत कळलेलं नाही.

मग त्याच दुपारी चौकशीची बैठक. अनिश्चिततेत काम करणाऱ्या माणसाची खरी परीक्षा तिथे असते, नाही का? तिथे एका सदस्यांनी विचारलं, "म्हणजे तुमचा निर्णय चुकला ना?"

ताई म्हणाल्या, "हा अहवाल हातात असता तर मी पाणी सोडलंच असतं. पण निर्णय काल घ्यायचा होता, आणि काल माझ्याकडे फक्त वास होता. उद्या तसाच आला तर पुन्हा बंद करीन."

मग त्या सदस्यांनी फाइल मिटली, आणि ताईंची नोकरी राहिली.

तेव्हापासून आमच्याकडे "मला माहीत नाही" म्हणताना कुणाची मान खाली जात नाही.

तो प्रश्न विचारणारे सदस्य आज आपल्या अध्यक्षस्थानी आहेत. ताईंचा सत्कार आपल्याच हातून व्हावा, हा आग्रह त्यांचा स्वतःचा. त्याबद्दल त्यांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल, तर ते पोटात घालावं.