शरयू देवळीकर ऊर्फ भागीरथाबाई यांच्या मृत्यूबाबत तानबा उगेमुगे यांनी सांगितलेली हकीकत

पोलीस ठाणे सेलू, जिल्हा वर्धा. दिनांक ११ मार्च १९८६, वेळ दुपारी १ वाजता.

माझे नाव तानबा रूपराव उगेमुगे, वय ५३ वर्षे, धंदा शिवणकाम, शिक्षण मराठी सातवी, राहणार सेलू, बाजार चौकाजवळ. मी आज ठाण्यात स्वतः हजर असून हवालदार प्रेमदास यांच्या विचारण्यावरून सांगतो ते असे की,

मी वरील ठिकाणी पत्नी जयवंता हिच्यासह राहतो. सन १९६६ ते १९८३ पर्यंत मी वर्ध्याचे बंडूजी यांच्या फिरत्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होतो. पडद्याच्या बाजूला आडोशाने पुस्तक घेऊन उभे राहायचे आणि नटाला पुढचे वाक्य हळू आवाजात सांगायचे, हे माझे काम होते.

आज सकाळी ८ वाजता गावाबाहेरच्या कालव्यातून काढलेले प्रेत मला दाखविण्यात आले. ते मी ओळखले. ते भागीरथाबाई नत्थूजी झाडे, वय अंदाजे ४०, मूळ राहणार देवळी, हिचे आहे. मंडळीच्या जाहिरातीवर तिचे नाव शरयू देवळीकर असे लागत असे. अंगावर हिरवे लुगडे होते. उजव्या हाताच्या बोटात शिवताना घालायचे अंगुस्तान होते, ते माझ्या दुकानातील आहे.

बाई मंडळीत कशी आली असे विचारल्यावरून सांगतो की, सन १९७० साली मंडळीचा मुक्काम देवळीस होता. बाईस नवऱ्याने टाकले होते व ती बापाकडे राहून कापूस वेचण्यास जात असे. तिने एकाच नाटकाचे लागोपाठ तीन खेळ पाहिले. चौथ्या दिवशी आमची नटी तापाने पडली, तेव्हा ही तंबूच्या दाराशी येऊन म्हणाली, "मले येते थे सारं. म्हणून दाखवू का?" बंडूजींनी थट्टेने हो म्हटले. तिने उभ्याउभ्या तिन्ही अंक म्हणून दाखविले, त्यात पुरुषांचीही भाषणे होती. त्याच दिवशी तिला तोंडाला रंग लावून उभे केले.

बाईस लिहिता-वाचता येत नव्हते. प्रत्येक नवे नाटक मी तिला वाचून दाखवीत असे. दोनदा वाचले की पुरे होई. कधी ती म्हणे, "तानबाजी, हे वाक्य अजून एकदा वाचजा, ऐकाले बरं वाटते." त्या पहिल्या नाटकानंतर मंडळीत तिने शिकलेला प्रत्येक शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकलेला आहे. तिचे-माझे दुसरे कोणतेही संबंध नव्हते. पत्नीस विचारावे.

सिंदी मेघे येथे एका खेळात मुलाच्या मरणाची बातमी आल्याचा प्रवेश चालू असताना बत्ती गेली. बाई थांबली नाही. अंधारात सगळा प्रवेश बोलली. मंडपातून एक माणूस उठला नाही. मला पुस्तक दिसत नव्हते, आणि गरजही पडली नाही. साल ७२ किंवा ७३ असावे.

सिनेमाबाबत सांगतो की, सन १९७४ मध्ये एका दिग्दर्शकाने वर्ध्यास तिचे काम पाहिले व तिला कोल्हापूरला नेले. ती बावीस दिवस तिकडे होती. तिथे तिला कोणी वाचून दाखविले हे मला माहीत नाही. पुढच्या वर्षी तो सिनेमा वर्ध्याच्या टॉकीजला लागला. आम्ही सर्व मंडळी तीनच्या खेळाला गेलो. बाई नवीन लुगडे नेसून आली होती. पडद्यावर ती दिसली तशी आम्ही टाळ्या वाजविल्या. मग ती बोलू लागली, तर आवाज तिचा नव्हता. आपल्याकडची बोली चालणार नाही म्हणून दुसऱ्या कोण्या बाईचा आवाज घातला होता. बाई मला म्हणाली, "तानबाजी, माह्या तोंडातून हे कोण बोलून राह्यली?" बाहेर बायांनी तिला ओळखून घेरले, त्यांच्याशी ती हसून बोलली.

नंतर दुसऱ्या सिनेमाचे पत्र आले. ते मीच वाचले. ती म्हणाली, "आवाज कोनाचा राहीन, थे इचारा." मी तसे लिहिले. उत्तर आले, तेही मीच वाचले. ती गेली नाही. बंडूजींनी मात्र जाहिरातीवर तिच्या नावापुढे 'चित्रपटतारका' असे छापले. ते काढा म्हणून तिने दोनदा सांगितले. काढले नाही.

सन १९८१ पासून बाईस भाषणे आठवेनाशी झाली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी शक्तीचे औषध दिले, फरक पडला नाही. ती म्हणे, "शब्द येते, पण उशिरा येते." त्यामुळे मी जवळजवळ प्रत्येक वाक्य सांगत असे आणि ती उचलत असे. दोन वर्षे असे चालले. मागच्या रांगेपर्यंत माझा आवाज जाऊ लागला होता.

दिनांक १३ फेब्रुवारी १९८३, रविवार, देवळीस दुपारी ३ वाजता खेळ होता. खेळापूर्वी बंडूजी मला तंबूमागे घेऊन गेले व म्हणाले, "लोकाइले पहिले तुहा आवाज ऐकू येते अन् मंग तिचा. लोकं हासून राह्यले. म्या तिले आता थांब म्हनलं तं थे आयकत नाई. आज पुस्तक हाती ठेवजो, पण तोंड उघडू नको. एकडाव होऊन जाऊ दे." मी म्हटले, तिचे गाव आहे, इथे नको. ते म्हणाले, "मंग दुसरा वाचनारा आनतो." बंडूजी लोकांच्या हसण्याबद्दल खोटे बोलत नव्हते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पहिल्या अंकात तिला थोडीच वाक्ये होती, ती कशीबशी निभावली. दुसऱ्या अंकात बाई थांबली. तिने माझ्या बाजूला पाहिले. मी चार हातांवर उभा होतो. पुस्तक उघडे होते आणि वाक्य माझ्या डोळ्यांसमोर होते. तिने पुन्हा पाहिले. मी बोललो नाही, पान उलटले. मंडपात शिट्ट्या सुरू झाल्या. ती पुढे आली, हात जोडले आणि म्हणाली, "मले आठवत नाई. माफ करजा." शिट्ट्या थांबल्या. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बस वो माय जराशी, बस." बाई तिथेच रंगमंचावर खाली बसली. मग पडदा पाडला.

त्यानंतर बाई रंगमंचावर कधी उभी राहिली नाही. मीही त्याच महिन्यात मंडळी सोडली. देवळीस तिचे आईबाप वारले होते व चुलतभाऊ ठेवून घेण्यास तयार नव्हते, म्हणून मी तिला सेलूस आणले. दुकानाला लागून खोली दिली. तीन वर्षे ती माझ्याकडे काजे-बटणे करीत असे. जेवण जयवंता देई. देवळीच्या खेळाबद्दल तिने काही विचारले नाही. मी सांगितले नाही.

काल दिनांक १० रोजी सकाळी १० वाजता दुकानात आम्ही दोघेच होतो. ती एका शर्टाला बटणे लावीत होती. मान वर न करता म्हणाली, "तानबाजी, देवळीले त्या दिवशी तुमच्या गळ्याले काय झालतं?" मी म्हटले, "बसला होता." ती म्हणाली, "हो का. पान उलटल्याचा आवाज आलता मले." मी मशीन चालू केली.

तिने राहिलेली दोन बटणे लावली, धागा तोडला, शर्ट घडी करून ठेवला. "येतो जराशी फिरून," म्हणाली व गेली. कालव्याकडे गेली हे मी पाहिले नाही. दुपारी जेवायला आली नाही तेव्हा शोधले. संध्याकाळी ठाण्यात खबर दिली.

पाय घसरला की कसे, हे मला सांगता येत नाही. कोणावर संशय आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, दुसऱ्या कोणावर नाही.

चुलतभावांना देवळीस निरोप पाठविला आहे. ते येत नसल्यास प्रेत माझ्या ताब्यात मिळावे. नाते काय लिहायचे असे विचारले. 'मंडळीतला' असे लिहावे.

वरील सर्व मजकूर हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचला, तो मी ऐकला. मी बोललो तसाच लिहिला आहे. देवळीच्या खेळाचा भाग तपासाला लागत नाही, तेवढा गाळू काय, असे त्यांनी विचारले. गाळू नये, असे मी सांगितले. खाली माझी सही आहे.

(सही) तानबा रूपराव उगेमुगे