भूत कोण निघालं?

शुक्रवारी अंबरनाथच्या कंपन्यांना सुट्टी आणि आमच्या बुवापाड्यात लाइट बंद, आठवतंय ना? एकदा लाइट गेली नेमकी टीव्हीवरच्या कार्टूनमधली पोरं पकडलेल्या भुताचा मुखवटा ओढत असताना. झालं! माझी धाकटी बहीण म्हणाली, "ते खरंच भूत असलं तर?" संडासलाही एकटी जाईना.

शेवटी वाण्याच्या दुकानातून उल्हासनगरला मावशीच्या शेजारच्या सिंधी आंटीला फोन लावला. तिकडे लाइट होती. आंटी हसतच सुटली. "अरे, भूत-वूत कुछ नहीं! फॅक्टरी का मॅनेजर था, मास्क पहनके!"

मी धावत येऊन सांगितलं. बहिणीने "हुश्श" केलं आणि टमरेल घेऊन एकटी निघाली.

कंपनीत फिटर असलेले आमचे बाबा सुट्टीचे लोळत पडले होते, ते मात्र ताडकन उठून बसले.

"मॅनेजर? त्यापेक्षा भूत परवडलं!"