हात उचलला का लाल!

...अन् हात हालवले म्हनून मानूस रिकामा बसला, असं कुठी असते का हो? तुमीच सांगा! पन त्या पुन्याच्या साहेबाले कोन सांगन? तो आपला एकच म्हने, "सिस्टीममध्ये तसंच दिसतंय, पौर्णिमा!"

आता पौर्णिमा कोन, थे सांगतो तुमाले. आमच्या शेजारची पोरगी. अमरावतीत बडनेरा रोडवर एका कंपनीच्या हापिसात टीम लीडर हाये. काम काय, तं कोनाचा मिक्सर फुटका निंगाला, कोनाले साडीच्या बदल्यात टॉवेल आला, थे लोक मोबाइलवर टाइप करून शिव्या देतेत, अन् हिच्या टीमनं टाइप करूनच माफी मागाची. तोंडाचं कामच नाई! म्हनून तिनं ललितले कामावर घेतलं. ललित दर्यापूरचा. जन्मापासून ऐकू येत नाई, बोलता बी येत नाई, पन माफी अशी मागे का समोरचाच म्हने, "जाऊ द्या भाऊ, टॉवेलच ठेवतो!"

पहिले पहिले तो एकटाच डबा खाये. पौर्णिमाले कसंतरीच वाटे. मंग ती त्याच्यापासून हाताची भाषा शिकली. तिचं पाहून पियुष शिकला, रागिणी शिकली, सारी टीम शिकली. बरं, पोट्टे पहिले काय शिकतेत? साहेबाची नक्कल! डोक्यावरून सपाट हात फिरवला का टकला साहेब आला! ललित असा हासे बाप्पा, का घशातून आवाज निंगे, भांडं घरंगळल्यावानी... अन् कोनी वळून बी पाहे नाई. ज्याच्या त्याच्या सवयीचा झाला होता थो आवाज.

अन् आली नं थे सिस्टीम! कॅम्प्युटरवरचा कॅमेरा पाहत राह्यते, हात कीबोर्डवर हायेत का नाई. हात उचलला का नावापुढं लाल टिपका, म्हंजे मानूस रिकामा बसला! आता तुमी-आमी गप्पा हानत हानत टाइप करू शकतो, थे चालते. पन ललितनं "भाजी काय आनली?" पुसलं का लाल! पियुषनं "भेंडी" म्हनलं का तोही लाल! एका भेंडीपाई दोन मानसं लाल! अन् जेवाची सुट्टी? थे बी सिस्टीमनं एकेकाले येगयेगळी वाटून देली.

पौर्णिमानं पुन्याले फोन लावला. "सर, थे बोलून राहिले जी, रिकामे नाई बसले."

"कळतंय गं मला. पण सिस्टीममध्ये तसंच दिसतंय."

"त्याच्यापुरतं बंद करा नं, सर."

"अगं, सगळ्यांना समान वागणूक! हेच तर आपलं धोरण आहे!"

घ्या! समान म्हने!

मंग काय झालं असन? कोनी भांडलं नाई, कोनी वाईट बोललं नाई. पियुषनं हात खाली ठेवले. मंग रागिणीनं ठेवले. ललित हात हालवे, अन् समोरचा कसनुसा हासून स्क्रीनकडं पाहे. मंग एक दिवस ललितनं बी हात खाली ठेवले. अन् थो हासन्याचा आवाज... थो बंदच झाला हो.

पौर्णिमानं पुन्हा फोन लावला, रडकुंडीले येऊन. "सर, पोरगा सुकून राहिला. काहीतरी लवचिक करा."

"लवचिक? अरे वा! घरून काम देऊ त्याला, कायमचं! घरी कॅमेराही नको. हवे तेवढे हात हलवू दे!"

"पन सर, घरी कोनाजवळ..."

"तूच म्हणालीस ना, लवचिक?" अन् फोन कट!

पुढं कंपनीनं ललितचा मोठा फोटो लावला हापिसात. खाली लिहिलं, 'आम्ही सर्वांना सामावून घेतो.' फोटो हापिसात, पोरगा दर्यापुरात!

एका रविवारी पौर्णिमा जीप धरून दर्यापूरले गेली. ललित अंगनात धावतच आला, अन् त्याचे हात सुटले बाप्पा! हे सांगू का थे सांगू! भेंडीचं पुसलं, पियुषचं पुसलं, साहेबाचं टक्कल बी झालं. त्याची माय गोदाबाई चहाचे कप धरून पाहतच राहिली. पोराले लहानपनी अमरावतीले ऐकू न येनाऱ्या पोराईच्या शाळेत ठेवलं होतं, हे भाषा तो तथीच शिकला. माय वावरात. तिले हातानं जेव, झोप, इकडं ये, एवढंच सांगता येते.

"एवढं काय बोलते वं बाई हा?" ती म्हने. "माह्यासंगं तं चूपच असते दिवसभर." मंग हळूच म्हने, "करमते का, हे हातानं कसं पुसतेत?"

पौर्णिमानं दाखवलं. गोदाबाईनं कप खाली ठेवले, पदराले हात पुसले, अन् कापूस वेचून वेचून खरबरीत झालेल्या बोटाईनं पोराले पुसलं, 'करमते का?'

ललित थबकला. मायकडं पाहतच राहिला. अन् मंग जे सांगाले लागला... सांगतच राहिला, सांगतच राहिला! पौर्णिमाले समदं समजलं, म्हनून तिनं तोंड फिरवलं. अन् गोदाबाईले? एक अक्षर समजलं नाई हो. पन माय डोळे पुसत मान हालवत होती... हाव, हाव, बरोबर हाये...

आपन मीटिंगमंदी हालवतो नं, तशी!